उत्पन्नाची अट एकीकडे २१,००० आणि दुसरीकडे अडीच लाख: एकाच घरातल्या सासू-सुनेला दोन मापं का?

तेरेखोलकाठ – रात्री ९.५०

नमस्कार. मी तेरेखोल खाडीच्या अलीकडच्या काठावर एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. झेरॉक्स, दाखले, लाईट बिल, पीक विमा, सगळं करते. अकरा वर्षं झाली. प्रश्न लांब आहे, पण पूर्ण वाचून मगच उत्तर द्या ही विनंती.

आमच्या वाडीत एक आजी आहेत, वय ७१. तीस वर्षं काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. वाफवलेली बी पात्यावर धरायची, दांडा दाबायचा, दोन फाका झाल्या की सुईने गर अख्खा काढायचा. टरफलातला चीक बोटांना लागतो आणि कातडी जळते. आधी काळी पडते, मग सोलवटते, मग खालची गुळगुळीत गुलाबी कातडी वर येते आणि त्यावर परत चीक. बायका राख लावत, नंतर खोबरेल लावायला लागल्या. माझी आईही त्याच शेडमध्ये होती, म्हणून तो वास मला आजही ओळखता येतो. तीस वर्षांनी या आजींच्या उजव्या अंगठ्यावर एक रेघ नाही. रेशनच्या मशीनवर अंगठा ठेवतात, लाल दिवा लागतो. डावा ठेवतात, परत लाल. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी सोबत होते. त्यांनी अंगठा डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि मला विचारलं, "बाय, माझो आंगठो खंय गेलो गो?"

धान्याचं आता ओटीपीवर भागतं. ओटीपीसाठी मोबाईल घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, चढावं लागतं, खाली वाडीत रेंज नाही. ते आम्ही करतो. माझा प्रश्न पेन्शनचा आहे.

आजींचे यजमान वारले. एकच मुलगा, नालासोपाऱ्याला राहतो, सिक्युरिटीत आहे, पगार १४,०००. खोलीचं भाडं, दोन मुलांच्या फिया, त्यातून आईला कधी हजार, कधी दोन हजार पाठवतो. पावसाळ्यात दोन महिने काहीच येत नाही. मी श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरला. ६५ वर्षांवरच्यांना महिना १,५०० मिळतात. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. मुलाचं नाव गावच्या रेशनकार्डावर आहे, म्हणून त्याचा पगार आजींच्या उत्पन्नात धरला गेला. १,६८,०००. अर्ज नामंजूर.

याच मुलाच्या बायकोला, म्हणजे आजींच्या सुनेला, लाडकी बहीण योजनेचे १,५०० मिळतात. तिथे मर्यादा अडीच लाख आहे, त्यामुळे ती नियमात चोख बसते आणि तिला मिळतात याचा मला आनंदच आहे. पण त्या योजनेत वयाची अट २१ ते ६५. आजी वयाने बाहेर.

मी कागदावर मांडून बघितलं. रक्कम तीच १,५००. सरकार तेच. कमावणारा माणूस तोच एक. सुनेसाठी १,६८,००० म्हणजे गरिबी आणि सासूसाठी तेच १,६८,००० म्हणजे सुबत्ता. वर्षाला २१,००० म्हणजे महिना १,७५० झाले. आख्ख्या कुटुंबाला दिवसाला अठ्ठावन्न रुपयेसुद्धा पडत नाहीत. आमच्याकडे पोफळीवर चढणारा माणूस एका सकाळचे किती घेतो ते कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. २१,००० मध्ये खरोखर जगणारं घर मी अकरा वर्षांत पाहिलेलं नाही.

आजींची सख्खी बहीण पलीकडे पेडण्यात दिलेली आहे. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत तिला महिना २,००० मिळतात. तिच्या पडवीत उभं राहिलं तर आमच्या काठावरचे माड दिसतात.

आणि दुसऱ्या बाजूला एसटी बघा. २०२३ च्या मार्चपासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. ७५ वर्षांवरच्यांना त्याच्या आधीच्या वर्षापासून पूर्ण मोफत. चढताना कोणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही. डॉक्टरीणबाई पण अर्ध्यात आणि मासळीची पाटी घेतलेली बाई पण अर्ध्यात. त्यावरून आजवर माझ्या टेबलावर एकही रडणारं माणूस आलेलं नाही. पेन्शनवरून दर आठवड्याला येतं.

तर अभ्यास केलेल्या लोकांना विचारायचं आहे. म्हातारपणाची पेन्शन सरसकट सगळ्यांना द्यावी, की गरजू निवडूनच? सरसकट दिली तर पैसा पुरणार नाही, मग १,५०० चे ५०० होतील, असं मला तालुक्याला सांगितलं. ते खरं आहे का? आणि निवडायचंच असेल तर निवडण्यात ज्यांचे दिवस वाया जातात, त्याचा हिशेब कोणी कधी मांडला आहे का? आजींच्या एका अर्जासाठी सात फेऱ्या झाल्या. तलाठी दोनदा भेटले नाहीत, एकदा वयाचा पुरावा मागितला आणि आजींकडे शाळेचा दाखला नाही कारण शाळाच नाही. मी माझी फी घेतली नाही, तरी रिक्षा, फोटो, प्रतिज्ञापत्र धरून त्यांचे साडेआठशे गेले. हातात काही नाही.

---

निवृत्त अव्वल कारकून, राजापूर – सकाळी ६.१५

ताई, तुमचं लिखाण दोनदा वाचलं. चौतीस वर्षं महसूल खात्यात काढली, त्यातली नऊ संजय गांधी निराधार योजनेच्या शाखेत, पेन्शनचे अर्ज तिथेच येतात. म्हणून सविस्तर लिहितो. तुम्हाला सगळं पटेल असं नाही.

प्रथम उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल. आमच्या टेबलावर येणाऱ्या दाखल्यांत आकडे असायचे १८,०००, १९,५००, २०,०००, २१,०००. शंभरातले नव्वद याच चार आकड्यांत. तलाठ्यालाही ठाऊक, मलाही ठाऊक, अर्जदारालाही ठाऊक की हा आकडा खरा नाही. ज्याच्या घरी पगारपत्रक येत नाही त्याचं उत्पन्न मोजायचं साधन महसूल खात्याकडे नाहीच. भात किती पिकलं, काजू किती विकले, मुंबईहून किती आले, हे विचारून अंदाज लिहायचा. मर्यादा इतकी खाली ठेवली की खोटं लिहिल्याशिवाय कोणीच बसत नाही, आणि मग जो खरं सांगतो तोच बाहेर पडतो. तुमच्या आजींच्या बाबतीत तेच झालं. मुलाचा पगार विचारला आणि त्यांनी खरा सांगितला. मला सेवेत असताना याचा त्रास व्हायचा. माझ्या सहीने खोटे आकडे मंजूर झाले आणि खरे आकडे परत गेले.

तरीही सरसकट द्यावं असं माझं मत नाही. पैसा एकाच तिजोरीतून येतो. लाडकी बहीण योजनेला २०२५-२६ साठी ३६,००० कोटी ठेवले गेले. त्याच वर्षी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी तिकडे वळवल्यावरून खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. सगळ्यांना द्यायला निघालं की हे असं होतं. ज्याला दोन्ही पाय नाहीत त्याला कालपरवापर्यंत १,५०० आणि ज्याच्या दारात दोन बैठी घरं भाड्याने दिलेली त्याच्या बायकोलाही १,५००. मला हे बघवत नाही. दिव्यांगांचं अनुदान आता २,५०० केलं, ते योग्य झालं. थोड्यांना द्या पण जगता येईल इतकं द्या.

केंद्राचा वाटा तर बोलायलाच नको. १९९५ साली राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शन सुरू झाली तेव्हा केंद्राचे ७५ रुपये होते. आज ८० वर्षांखालच्यांना २०० आणि वरच्यांना ५००. बाकीचं सगळं राज्य भरतं.

निवड कशी करावी याचं एक उत्तर महाराष्ट्रानेच देऊन ठेवलं होतं. रोजगार हमी. वि. स. पागे यांची कल्पना, बहात्तरच्या दुष्काळात राज्यभर राबवली, १९७७ साली कायदा. पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला, म्हणजे शहरातला पगारदार गावातल्या मजुराची मजुरी भरत होता. तिथे दाखला नव्हता. ज्याला गरज आहे तो फावडं घेऊन येईल, ज्याला नाही तो उन्हात येणारच नाही. कामच निवड करायचं. आमच्या भागात त्या कामांना माणसं कमी मिळत, लोक मुंबईला जात. पण १९९० नंतर फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली आणि कोकणाचे डोंगर कलमांनी आणि काजूने भरले. मात्र तिथेही सातबारा लागत होता. बाग सातबारावाल्याची झाली, खड्डे खणणारा खड्डे खणून मोकळा.

७१ वर्षांच्या बाईला फावडं देता येत नाही हे मलाही कळतं. म्हणून व्यवहाराचं सांगतो. मुलाचं नाव गावच्या शिधापत्रिकेतून कमी करा. तो नालासोपाऱ्यात राहतो, त्याचं कार्ड तिकडे होऊ शकतं. आजींची शिधापत्रिका एकटीची झाली की नव्याने उत्पन्नाचा दाखला घ्या आणि पुन्हा अर्ज करा. तालुका समितीच्या बैठकीआधी कागद पूर्ण असू द्या.

---

सुपारीची वाडी – सकाळी ११.२०

श्रीवर्धनजवळून लिहितोय. थोडक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरून गेलं. बागायतीची भरपाई हेक्टरी ५०,००० झाली, घोषणा चांगली होती. आमची वाडी बारा गुंठे. सातबारा सामायिक, नावं सदतीस, त्यातली अकरा माणसं वारलेली, बाकीची डोंबिवली, बडोदा, एक जण मस्कतला. बारा गुंठ्यांचे सहा हजार होतात आणि त्यासाठी सदतीस जणांची संमती आणायची. पोफळ उभी राहून फळायला सात-आठ वर्षं जातात. मी शेवटी तो नाद सोडला. कारकूनसाहेब म्हणतात निवडून द्या. निवडीचा कागद जर आमच्या सातबारासारखा असेल तर निवड होते ती ज्याच्याकडे वेळ आणि ओळख आहे त्याची.

---

गुहागरची, सध्या मुंबईत – दुपारी ३.०५

ताई, मी सामाजिक धोरण या विषयात पीएचडी करतेय. तुम्ही ज्याला "दिवस वाया जातात" म्हणालात त्याचा हिशेब खरंच मांडला गेलाय. पामेला हर्ड आणि डोनाल्ड मॉयनिहन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी त्याला प्रशासकीय ओझं म्हटलंय आणि त्याचे तीन भाग केलेत: योजना आहे हे कळायला लागणारी धडपड, कागद पुरे करायची धडपड, आणि मनाला होणारा त्रास, म्हणजे आपण लाचार आहोत हे दहा टेबलांवर सांगावं लागणं. त्यांचं म्हणणं असं की हे ओझं नेहमी चुकून पडतं असं नाही. पुष्कळदा ते जाणूनबुजून ठेवलेलं असतं, कारण अर्ज कमी आले की खर्च कमी. योजना बंद करावी लागत नाही.

सरसकट की निवडून, हा वाद जुना आहे. ब्रिटनमधले रिचर्ड टिटमस सांगायचे की फक्त गरिबांसाठी चालवलेली सेवा शेवटी गरीबच दर्जाची होते. पुढे १९९८ मध्ये स्वीडनचे वॉल्टर कोर्पी आणि योआकिम पाल्मे यांनी श्रीमंत देशांची आकडेवारी ताडून पाहिली. त्यांना आढळलं ते उलटं वाटेल असं होतं: जे देश फक्त गरिबांना नेमकं वेचून देतात तिथे विषमता फारशी कमी होत नाही, आणि जे सगळ्यांना सामावून घेतात तिथे ती जास्त कमी होते. कारण मध्यमवर्गालाही त्यातून मिळत असेल तर तो कर भरायला आणि योजना वाढवायला तयार असतो. फक्त गरिबांची योजना असेल तर तिच्यामागे उभं राहणारं कोणी उरत नाही आणि रक्कम गोठते. काकांनी केंद्राच्या २०० रुपयांचं सांगितलं ना, मला ते वाचताना हेच आठवलं. एसटीचं अर्धं तिकीट काढून घ्यायची हिंमत कुठलंही सरकार सहज करणार नाही, कारण त्यात डॉक्टरीणबाईही आहे.

पण हेही सांगायला हवं की हा निष्कर्ष आता तितका पक्का मानला जात नाही. २०१३ मध्ये इव्ह मार्क्स आणि सहकाऱ्यांनी नवी आकडेवारी घेऊन पाहिलं तर निवडून देणं आणि कमी पुनर्वाटप यांचा तो घट्ट संबंध दिसेनासा झालेला होता. काही देश निवडूनही भरपूर देतात. म्हणून काकांचं "थोड्यांना पण पुरेसं" हे म्हणणं अभ्यासाच्या बाहेरचं नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. हा सगळा वाद ज्या देशांत झाला तिथे जवळजवळ प्रत्येकाचं उत्पन्न करखात्याच्या नोंदीत असतं. निवड करायची तर नोंद उघडायची. आपल्याकडे नोंद म्हणजे काकांचे ते चार आकडे. मग निवडीत दोन चुका होतात, गरजू बाहेर राहतो आणि नको तो आत येतो. दुसरी चूक वर्तमानपत्रात येते. २०२५ मध्ये लाडकी बहीणचे सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र आढळल्याचं सरकारने सांगितलं, त्यावर किती चर्चा झाली. पहिल्या चुकीची यादी कोणाकडेच नसते, कारण बाहेर राहिलेल्याची नोंदच होत नाही. तुमच्या आजी कुठल्याच आकड्यात नाहीत.

अंगठ्याबद्दल. मुरलीधरन, नीहाऊस आणि सुखटणकर यांनी झारखंडमध्ये रेशनच्या आधार पडताळणीचा मोठा अभ्यास केला. पडताळणीने गळती फारशी थांबली नाही, पण ज्यांचं आधार जोडलेलं नव्हतं त्या खऱ्या लाभार्थ्यांचं धान्य कमी झालं.

गावानेच निवड करावी असंही काही जण सुचवतात. इंडोनेशियात ६४० गावांमध्ये हे करून पाहिलं. काही गावांत सरकारी मोजपट्टीने गरीब ठरवले, काहींत गावाने बैठक घेऊन. पैशाच्या मापाने गावाची निवड थोडी कमी अचूक निघाली, पण लोक जास्त समाधानी होते, कारण गाव ज्याला गरीब म्हणतं त्यात एकटेपण, आजारपण, कमावतं माणूस नसणं हेही मोजलं जातं. आपल्याकडे भावकी आणि मानपान बघता हे कितपत जमेल, मला शंका आहे. माझ्या स्वतःच्या गावात पालखीचा मान कोणाचा यावरून दोन वाड्या बोलत नाहीत.

---

देवगड हापूस – संध्याकाळी ७.४०

मी बागायतदार. माझ्या बागेत गेली सहा वर्षं नेपाळचा एक गडी सीझनला येतो, डिसेंबर ते मे. यावर्षी आंबा काढताना बोलता बोलता तो म्हणाला, आई घरी आहे, तिला सरकार दर महिन्याचे चार हजार देतं. नेपाळी चार हजार म्हणजे आपले अडीच हजार. मी विचारलं, दारिद्र्यरेषेखाली आहात का? त्याला प्रश्नच कळला नाही. तिकडे वय झालं की मिळतं, नागरिकतेचं कार्ड दाखवायचं, बस. तिचा हा मुलगा भारतात कमावतो, दुसरा कतारला आहे, ते कोणी विचारत नाही.

मी नंतर शोधून वाचलं. नव्वदच्या दशकात नेपाळने ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना महिना १०० रुपये द्यायला सुरुवात केली, सरकारी पेन्शन घेणारे सोडून. मग वय खाली आणत गेले आणि रक्कम वाढवत गेले. म्हणजे सरसकट दिलं की रक्कम घटते असं तिथे झालं नाही. आणि नेपाळ आपल्यापेक्षा श्रीमंत देश नव्हे.

माझ्या बागेतल्या गड्याची आई आमच्या शेजारच्या विधवा काकूपेक्षा जास्त निर्धास्त आहे, हे मला झोपू देत नाही म्हणून लिहिलं. हा गडी सहा महिने इथे राबतो पण इथलं रेशन त्याला मिळू शकत नाही, तो भाग निराळाच.

---

निवृत्त अव्वल कारकून, राजापूर – रात्री ८.३०

देवगडकर, नेपाळचं मला ठाऊक नव्हतं. गुहागरच्या ताईंनी दोन चुका सांगितल्या त्यावर दिवसभर विचार केला. आमच्या कार्यालयात अपात्र सापडला की चौकशी लागायची, वसुली निघायची, कर्मचाऱ्याला नोटीस यायची. पात्र माणूस बाहेर राहिला म्हणून नऊ वर्षांत एकाही कर्मचाऱ्याला कोणी जाब विचारला नाही. मलाही नाही. त्यामुळे शंका आली की आम्ही 'नाही' म्हणायचो ते यासाठीच, की त्यात आम्हाला धोका नव्हता.

प्राप्तिकर भरणारे आणि सरकारी पेन्शन घेणारे वगळावेत, बाकी ७० वर्षांवरच्या सगळ्यांना द्यावी, इथपर्यंत मी यायला तयार आहे. त्या दोन्ही नोंदी सरकारकडे आधीच आहेत, तलाठ्याकडे जायला नको. मीही पेन्शनर आहे, माझं नाव आपोआप बाहेर. ते बरोबरच आहे.

---

तेरेखोलकाठ – आठ दिवसांनी, रात्री १०.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. गुहागरच्या ताईंनी सांगितलेले तीन भाग मी वहीत उतरवून घेतलेत. तिसऱ्याबद्दल लिहायचं आहे, कारण ते या आठवड्यात माझ्यासमोर घडलं.

काकांनी सांगितलं तसं मी आजींच्या मुलाला फोन केला. तो लगेच हो म्हणाला नाही. म्हणाला, "गावच्या कार्डावरचं नाव गेलं तर गावात माझं राहिलं काय? घर आजोबांच्या नावावर, सातबारावर माझं नाव अजून लागलेलं नाही. उद्या चुलते म्हणाले तुझा पुरावा दाखव, तर मी काय दाखवू?" त्याची भीती खोटी नाही. इथे असे वाद मी रोज बघते. तरी रात्री त्याने परत फोन केला आणि म्हणाला, "आईला मिळत असतील तर काढ."

दुसऱ्या दिवशी मी अर्ज घेऊन आजींकडे गेले. काजूचा सीझन आहे, त्या अंगणात बोंडू वेगळे करत बसल्या होत्या. शेजाऱ्यांच्या बिया, किलोमागे काहीतरी मिळतं. मी समजावून सांगितलं की मुलाचं नाव कार्डावरून कमी करायचं, मग तुम्ही एकट्या, मग पेन्शन. त्यांनी हातातला बोंडू खाली ठेवला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्याचा नाव काढू नको गो बाय. पैसे नाय गावले तरी चालात. कागदार पोर नाय असा लिवन पैसे घेव? माका ता जमाचा नाय."

मी म्हटलं, तसं लिहायचं नाहीये, फक्त कार्ड वेगळं होतं. पण त्यांना जे कळलं ते बरोबर कळलं. १,५०० साठी त्यांना दाखवावं लागणार की त्यांचं कोणी नाही. मुलगा आहे, फोन करतो, गणपतीला येतो, जमेल तेव्हा पाठवतो. आणि नियम म्हणतो की तो असेल तर तू गरीब नाहीस.

मी अर्ज घडी करून परत आणला. जबरदस्ती केली नाही.

काका, तुम्ही सांगितलेली वाट चुकीची नव्हती, दुसऱ्या तीन घरांत ती चालेल आणि मी त्यांचे कागद सुरूही केलेत. पण आजींसाठी नियमच बदलायला हवा. म्हणून १ मेच्या ग्रामसभेत ठराव मांडायचं ठरवलं आहे. सरपंचांशी बोलले, त्या तयार आहेत. देवगडकर म्हणाले ते आणि तुम्ही शेवटी लिहिलंत ते धरून ठरावात दोनच गोष्टी: ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला पेन्शन, प्राप्तिकर भरणारे आणि सरकारी पेन्शनर वगळून, आणि ते होईपर्यंत श्रावणबाळची मर्यादा २१,००० वरून लाडकी बहीणएवढी अडीच लाख करावी. मापं दोन्हीकडे एकच असू द्या.

ग्रामसभेच्या ठरावाने शासन नियम बदलत नाही हे मला माहीत आहे. पण आमच्या बाजूच्या चार ग्रामपंचायतींतल्या सेवा केंद्रवाल्या मुली मला ओळखतात, त्यांनीही ठराव घ्यायचं कबूल केलंय. प्रत्येकीला मी म्हटलंय की नामंजूर झालेल्यांची नावं वहीत लिहायला लागा, तारीख आणि कारणासकट. बाहेर राहिलेल्यांची यादी कोणाकडेच नसते असं गुहागरच्या ताई म्हणाल्या. माझ्या वहीत आजपर्यंत एकोणीस झाली आहेत. पहिलं नाव आजींचं.

काका, ठरावाचा मसुदा मी उद्या इथे टाकते. महसूलच्या भाषेत कुठे कच्चा राहतो ते दुरुस्त करून द्याल का? तीस तारखेच्या आत मिळाला तर छापून सगळ्या वाड्यांत वाटता येईल.